तळ्यातली पहिली गाडी

१

बन्सीधरची गाडी तळ्यात रुतली तेव्हा दिवस कासराभरही वर आला नव्हता. दीडशे माणसं काठावर उभी होती आणि दीडशेतल्या एकालाही काही करता आलं नाही. आधी डावा बैल गुडघ्यावर बसला. मग चाकं आत गेली. ज्या पांढऱ्या खपलीवर सारा गाव विसंबून होता, ती दुधावरच्या सायीसारखी फाटली आणि खालून काळा गाळ वर आला. उजव्या बैलाची जुपणी तुटली म्हणून तो तडफडत बाहेर पडला. दुसरा बैल, गाडी आणि बन्सीधर आत गेले. शेवटी गाडीच्या मागच्या बाजूची दोन लाकडं तेवढी वर राहिली.

निजामाच्या राज्यातला, फसली तेराशे एक्कावन्नचा चैत्र होता. मी किशनराव, गावचा पोलीस पाटील. राणीसावरगावापासून आमचं गाव दोन कोस. एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. माझी बायको म्हणते, तुमच्या बुडाखाली कुणी निखारा ठेवलाय का. त्या दिवशी तर खरंच ठेवला होता.

आमचं तळं चैत्रात आटतं. मधोमध पाणी उरतं आणि त्यात मरळ, शिंगी, वांब असे सगळे मासे गोळा होतात. पण काठ आणि पाणी यांच्या मध्ये दोन-तीनशे पावलं नुसता गाळ असतो. वरून वाळून खडखडीत, पोटात काय आहे ते देव जाणे. मासे उन्हं चढायच्या आत बाजारात न्यायचे तर गाडी थेट पाण्यापर्यंत न्यावी लागते. ती कधी न्यायची आणि कुठून न्यायची, हे सांगायचं काम येडबा धनगराचं. तीस वर्षं त्याचाच शब्द चालत आला.

त्याची रीत ठरलेली होती. टाच मारून बघायची, काठी आपटून आवाज ऐकायचा, भेगा बघायच्या. भेगेचं तोंड उघडं असेल तर जमीन वाळली, भेग मिटलेली असेल तर पोटात पाणी. शेवटी वीस मेंढ्या त्या वाटेनं हाकायच्या आणि त्यांच्या खुरांच्या खड्ड्यात ओल येते का ते वाकून बघायचं. मग वाटेच्या कडेनं बाभळीच्या फांद्या रोवायच्या, प्रत्येकीला काळ्या लोकरीचा पुंजका. काल दुपारी त्यानं हे सगळं केलं. सांजेला मारुतीपुढं नारळ फुटला आणि येडबानं सांगितलं, "उद्या गाडी घाला."

पहिल्या गाडीचा मान बन्सीधरच्या घराचा, तीन पिढ्यांचा. एकच अट होती. ज्याची गाडी रुतली त्याचा मान गेला, तो दुसऱ्या घराकडे जायचा.

लोकांना भान आलं तेव्हा कुणी दगड उचलला, कुणी शिवी दिली. येडबा त्यांच्या मधून सरळ माझ्यापुढं आला. त्यानं काठी खाली टाकली आणि हात जोडले.

"कसूर मपला हाय, पाटील. मपला अंदाज चुकला. बांधा मला."

मी त्याच्याच पटक्यानं त्याचे हात बांधले आणि गंगाखेडच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांकडे घोडेस्वार धाडला. दिवस कलायच्या आत अमीन येणार, येडबाला घेऊन जाणार आणि मग परभणीचा तुरुंग. काम संपलं होतं. पण माझे पाय काही थांबेनात. तीस वर्षांत या म्हाताऱ्यानं एकदाही स्वतःची चूक कबूल केली नव्हती. परवा चुकीची मेंढी भादरली तरी मेंढीलाच दोष दिला होता. मग आज एवढी घाई कशाला?

२

चावडीत येडबा भिंतीला टेकून बसला होता आणि मी येरझारा घालत होतो.

"गाडी जिथं गेली तिथं भेगा कशा होत्या?" मी विचारलं.

"ध्यानात न्हाई."

"मिटलेल्या का उघड्या?"

"ध्यानात न्हाई म्हणलं ना!"

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. या माणसाला वीस वर्षांपूर्वीची कोकरं तोंडावरून ओळखू येतात. कालच्या भेगा याच्या ध्यानात नाहीत!

"मेंढ्यांच्या खुरात वल आली होती?"

त्यानं बांधलेले हात मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "तिथं जुना आड हाय, पाटील. मपल्या आज्याच्या येळचा, तळ्याच्याबी आधीचा. गाळानं भरलाय, पर त्येला तळ न्हाई. त्येच्यावर गाडी गेली."

"आड आहे हे तुला ठाऊक होतं?"

"मला अन् मपल्या अंगदला. दुसऱ्या कुनाला न्हाई." एवढं बोलला आणि चटका बसल्यासारखा थांबला. अंगद म्हणजे त्याचा एकुलता एक पोरगा.

तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. बन्सीधरची आई. नवरा गेल्यावर एकट्या बाईनं त्याला वाढवला होता. मी त्यांना काकू म्हणतो. त्या रडत नव्हत्या, तेच मला बघवेना.

"किसनराव, मपलं लेकरू अजून गाळात हाय. त्येला बाहेर काढा."

मी मान खाली घातली. सकाळपासून मी दहा जणांना विचारलं होतं. कोण जाणार त्या खपलीवर? वाट सांगणारा एकच होता आणि त्याचे हात मी बांधून ठेवले होते.

काकू येडबाकडे वळल्या. "तू म्हणलास म्हणून त्यो गेला. तुझ्या शब्दावर मी बी भरवसा ठिऊन बसले व्हते. आता कुनाच्या शब्दावर त्येला आनू?"

येडबानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी तिथं क्षणभरही थांबू शकलो नाही. वहाणा पायात सरकवल्या आणि तळं गाठलं.

३

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. खपलीवर पहिलं पाऊल काठी टेकवूनच टाकलं. पण काठाजवळची जमीन खणखणीत होती, भेगा मनगट जाईल एवढ्या उघड्या. लोकरीचे पुंजके वाऱ्यावर हलत होते. मी फांद्यांच्या कडेनं, खाली बघत चालत राहिलो. खाली बघायचं कारण भीती हेच होतं, पण त्याच भीतीनं मला पहिली गोष्ट दाखवली. लेंड्या!

वीस मेंढ्या ज्या वाटेनं जातात तिथं लेंड्या पडतात, हे सांगायला पोलीस पाटील लागत नाही. माझ्या डाव्या-उजव्या हाताला त्या सांडलेल्या होत्या आणि खुरांचे ठसेही होते. सव्वाशे पावलांवर मात्र गंमत झाली. फांद्या सरळ पुढं गेल्या आणि लेंड्या उजवीकडं वळल्या.

मी तिथंच थांबलो. फांद्यांच्या कडेला पुढं एक लेंडी नव्हती, खुराचा एक ठसा नव्हता. भेगा मिटलेल्या होत्या. वीस पावलांवर ती दोन लाकडं गाळातून वर आलेली दिसत होती आणि त्यांच्यावर एक बगळा बसला होता. मी त्याला ढेकूळ मारून हाकललं.

मग लेंड्यांच्या मागं उजवीकडं वळलो. ती वाट मोठा वळसा घालून पुन्हा पाण्याकडं जात होती. त्या वळशावर मी गुडघ्यावर बसून जमीन चाचपली. एका जागी बोटभर खड्डा होता, भुसभुशीत मातीनं बुजवलेला. सहा पावलांवर दुसरा, मग तिसरा, चौथा. प्रत्येकाच्या तोंडाशी काळ्या लोकरीचे चार केस.

येडबाचा अंदाज चुकला नव्हता. त्यानं वळसा बरोबर आखला होता. कुणीतरी त्या वळशाच्या चार फांद्या उपटून सरळ रेषेत, ओल्या जमिनीत रोवल्या होत्या.

पण कशा रोवल्या? ती जमीन एकट्या माणसालाही भरवशाची नव्हती. मी फाट्यावर परत येऊन काठी टेकवली तर हातभर आत गेली. फांद्यांच्या बुडाशी निरखून बघितलं तेव्हा खपलीवर एक ठसा दिसला, दोन हात रुंद. चौकोन-चौकोन, दोरीच्या विणीचे. मासे धरायचं जाळं पसरल्यासारखे.

आजच्या दिवशी पहिल्या गाडीच्या आधी तळ्यात जाळं कोण नेणार? तसं करायला गावात बंदी आहे. मी वर बघितलं तर माळावर येडबाच्या झोपडीतून धूर निघत होता.

४

झोपडीच्या दारात पोचलो आणि वास आला. मासे शिजत होते. गावात त्या दिवशी कुणी एक शिंगीसुद्धा धरली नव्हती.

अंगद दारात आडवा आला. पोटऱ्यांपर्यंत वाळलेला गाळ. त्याच्या मागं त्याची बायको बानूबाई, आठवा महिना लागलेली, चुलीवरचं झाकण हातात धरून तशीच उभी.

"मासे कुठनं आणलेस?" मी ओरडलोच. "जाळं काढ बाहेर!"

"जाळं न्हाई, पाटील."

"परवा बन्सीधरनं तुझ्या मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या, तवा भर चौकात काय म्हणलास? तुझी गाडी तळ्यात घालतो म्हणलास का न्हाई?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. "म्हणलो. रागात माणूस काय बी बोलतंय. पर मी त्येला मारलं न्हाई, पाटील. ह्या लेकराची आन."

"मग पहाटं तळ्यात काय करत होतास?"

त्यानं मागं बघितलं. बानूबाईच बोलली. "मपल्यासाठी गेले व्हते. मला मरळीचे डव्हाळे लागलेत. आठ दिस झाले, दुसरं काई गिळवंना. पहिल्या गाडीच्या आधी मासा धरू नये, ठाव हाय. मीच म्हणलं, कुनाला कळतंय."

"हातानं धरली," अंगद म्हणाला. "मरळ चिखलात दडती, तिला जाळं लागत न्हाई. दोनच धरल्या. पहाटंच्या अंधारात फांद्या कुठं दिसत्यात? मी मेंढराच्या वाटंनं पायाच्या अंदाजानं गेलो अन् आलो. वापस येताना बा नं बघितलं मला. गाळानं भरलेलं. काई इचारलं न्हाई त्येनं."

काही विचारलं नाही! आता मला येडबाची घाई कळली. म्हाताऱ्यानं सकाळी गाडी भलत्याच जागी बुडताना बघितली, फांद्या हलवल्यात हे ओळखलं, आणि आडाची जागा ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे आपलाच पोरगा. त्यानं पोरासाठी तुरुंग घेतला होता.

पण म्हाताऱ्याचा संशय खरा असला तर? मी डोक्याला हात लावून उभा राहिलो. पाय दुखायला लागले होते. बानूबाईनं कोपऱ्यातली घोंगडी झटकून खाली पसरली आणि ओशाळून म्हणाली, "बसा पाटील. भुईवरच बसावं लागंल. आमच्यात बाज नसती."

मी बसलो, आणि निखाऱ्यावर बसल्यासारखा उठलो.

बाज! तो ठसा जाळ्याचा नव्हता. जाळ्याला वजन ते कितीसं, त्याचा ठसा एवढा खोल उठत नाही. सुंभानं विणलेली बाज उलटी करून, पाय वर करून खपलीवर टाकली आणि तिच्यावर माणूस उभा राहिला, तर त्याचं वजन वाटलं जातं आणि विणीचा ठसा उमटतो. आणि धनगराच्या घरात बाज नसते.  शिवाय अंगद पायाच्या अंदाजानं खपलीवर ये-जा करणारा, त्याला बाज लागलीच नसती.

"अंगद, चावडीवर जाऊन बापाजवळ बस," मी म्हणालो. "मी आल्याबिगर एक शब्द बोलू नको."

आज सकाळीच मी एक बाज बघितली होती. ओली.

५

चंद्रभानचं घर मारुतीच्या मागं. शिकलेला नव्हे, पण टापटिपीचा माणूस. यंदा त्यानं नवी गाडी बनवून घेतली होती, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. बन्सीधरनंतर मान त्याच्याच घराचा. सूर्य उगवायच्या आधी मी त्याला बोलवायला गेलो, तेव्हा त्याची बायको मनकर्णा मागच्या सोप्यात बाज धूत होती. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. डोकं हे असंच असतं, हवं तेव्हा झोपलेलं.

आता बाज सोप्याच्या भिंतीला उभी होती. चंद्रभान ओट्यावर बसून सुपारी कातरत होता, पण खात नव्हता. त्याची आई दगडाबाई दाराशी बसली होती.

"मनकर्णावहिनी, बाज कामून धुतली?" मी उभ्यानंच विचारलं.

"ढेकणं लय झाली व्हती, भावजी."

"ढेकणांची बाज उन्हात टाकतात. ही सावलीत कामून?"

ती नवऱ्याकडं बघायला लागली.

"ढेकणांसाठी सांध्यात कढतं पाणी ओततात. सारी वीण कुणी धूत न्हाई. झिऱ्यावर घागर भरायला अर्धा दिवस जातोय, अन् तुम्ही बाजंवर दोन घागरी घातल्या?"

"पाटील, घरात काय धुवावं ते बी आता पोलिसाला इचारायचं का?" चंद्रभान हसला. हसणं जमलं नाही.

त्याच वेळी त्यांची मांजर आली, बाजेच्या सुंभाला नाक लावलं आणि चाटायला लागली. मी विणीत बोट घातलं. करडा गाळ निघाला, माशांच्या वासाचा. आमची शेतं काळ्या मातीची; असला करडा गाळ फक्त तळ्यात.

"काल सांजेला देवळात नारळ फुटला तवा तू कुठं होतास, चंद्रभान?"

"देवळातच."

"खोटं बोलायलास," दगडाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण चंद्रभानच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"तुझा परसाद मी पदरात आनला. तू दिवा लागल्यावर आलास, बाज पाठीवर घिऊन. म्हणलास, गोठ्यात निजायला नेली व्हती. सकाळी सूनबाई बाज धुवायली तवा मीच टोकलं तिला. घरात कुनी मेलं न्हाई, कुनी बाळंत न्हाई, बाज धुऊ नगं, आपशकून व्हतो. झाला आपशकून. दुसरीच्या घरात झाला."

"माय, गप बस!"

"न्हाई बसत. तिकडं एक माय सकाळपसून तळ्याकडं बघायलीय. अन् मी हितं लेक घिऊन बसू?"

चंद्रभाननं अडकित्ता उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग बोलला तेव्हा माझ्याशी नाही, आईशीच बोलला. "मला फकत चाक रुतवायचं व्हतं, माय. चाक रुतलं की मान आपल्याकडं आला असता. सारे हसले असते, बैल लावून गाडी काढली असती. बास, एवढंच. तिथं आड हाय हे मला ठाव नव्हतं. देवाशपथ ठाव नव्हतं. मी सकाळी काठावर उभा व्हतो. वरडावं म्हणलं. वरडलो असतो तर त्यो वळला असता, पर मला वाटलं आता रुतंल, आता रुतंल..."

मी त्याला मारणार होतो. हात उचललाही होता. पण तो ओट्यावर पोरासारखा आक्रसून बसला होता, आणि माझा हात तसाच खाली आला.

६

चंद्रभानला चावडीत आणला तेव्हा गाव गोळा झाला होता. मी सगळं उभ्या-उभ्याच सांगितलं: लेंड्या, चार खड्डे, बाज. मग येडबाचा पटका सोडायला वाकलो. गाठ मीच इतकी घट्ट मारली होती की सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

येडबा मोकळ्या हातांकडे बघत नव्हता. तो अंगदकडे बघत होता.

"मला वाटलं, तू..." तो म्हणाला आणि त्यानं अंगदच्या खांद्याला हात लावला.

"इचारायचं तरी, बा," अंगद म्हणाला. "मरळ आनाया गेलतो."

म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. गंगाखेडच्या वाटेवर धूळ उठलेली दिसत होती. अमीनसाहेब आले होते. उन्हं कलली होती. अंधार पडायच्या आत बन्सीधरला बाहेर काढायला हवं होतं.

येडबानं डोळे पुसले, काठी उचलली आणि अंगदला माळावरून दोर आणायला धाडलं. "घरटी एक बाज आना. आडाभवती टाकू. मी पुढं व्हतो, मागनं दोर घिऊन धा जण या."

कुणी हललं नाही. सगळं ऐकलं होतं, सगळं पटलं होतं, तरी कुणी हललं नाही. सकाळी त्याच वाटेनं गेलेला माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. पटणं डोक्याचं असतं, भीती पायांत असते. माझ्याही होती.

सगळ्यात आधी दगडाबाई आल्या. ती धुतलेली बाज डोक्यावर घेऊन, एकट्या. सुनेला हात लावू दिला नव्हता त्यांनी. बाज तळ्याच्या काठावर टेकवली आणि पार्वतीबाईंच्या समोर उभ्या राहिल्या.  मग मागोमाग बाजा यायला लागल्या, पण माणसं काठावरच थांबली.

येडबानं टाच मारली, काठी आपटली, कान दिला. पाच पावलं गेला आणि मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तीस वर्षं त्याच्या मागं सारा गाव चालत आला होता. त्या वेळचं त्याचं तोंड मला अजून आठवतं.

पार्वतीबाईंनी पायातल्या वहाणा काढल्या.

"काकू, थांबा," मी म्हणालो.

"कुनासाठी थांबू?" त्या म्हणाल्या आणि खपलीवर उतरल्या. "चल येडबा. तू म्हणशील तिथं पाय ठिवते."

म्हाताऱ्यानं काठीचं दुसरं टोक मागं केलं. त्यांनी ते धरलं. तो चालला तशा त्या चालल्या, त्याचं पाऊल उठलं की त्या जागी आपलं ठेवत. लेंड्यांच्या वाटेनं उजवीकडं वळल्या, तेव्हा मी वहाणा काढल्या, दगडाबाईंची बाज खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागं निघालो. थोड्या वेळानं माझ्या मागं दुसऱ्या पायांचा आवाज आला, मग आणखी. मी मोजले नाहीत. माझं सगळं लक्ष खाली, काकूंच्या पावलांवर होतं.